छातीवरची लिपी

मेजर रामा राघोबा राणे यांचं 11 जुलै 1994 रोजी पुण्यात निधन झालं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचा, हा अधिकारी. एप्रिल 1948 मध्ये, 8 तारखेपासून 11 तारखेपर्यंत, नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आणि त्यांचे जवान सुरुंग काढत होते, रस्त्यात आडवी पाडलेली झाडं हटवत होते. डोंगरावरून मशीनगनचा मारा चालू होता. त्यांनी करून दिलेल्या वाटेने आपले रणगाडे राजौरीला पोचले. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले राणे हे पहिले सैनिक. त्या चार दिवसांची त्यांच्या रोजच्या गणवेशावरची खूण म्हणजे 32 मिलिमीटर रुंदीची एक जांभळी फीत. तिच्यावर रेघ नाही, अक्षर नाही, आकडा नाही. छातीवर मिरवता येईल अशी देशातली सर्वांत मोठी शौर्याची गोष्ट सर्वांत साध्या फितीत लिहिलेली आहे, आणि ज्याला ती वाचता येते तो माणूस ती पाहताच ताठ उभा राहतो.

पुण्यात राहणाऱ्याला अशा फिती रोज दिसतात. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला, सॅपर्सचं केंद्र खडकीला, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला, सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय वानवडीला. निवृत्त झाल्यावर इथेच घर केलेले फौजी तर जवळपास प्रत्येक सोसायटीत. 26 जानेवारीला झेंडावंदनाला ते पलटणीचा बिल्ला लावलेला ब्लेझर घालून, डावीकडे पदकांची ओळ लावून येतात. आपल्याला रंग दिसतात, मजकूर दिसत नाही. तो मजकूर वाचायला शिकलं की दोन गोष्टी एकदम कळतात. एक, त्या समोरच्या काकांनी काय काय पाहिलंय. दुसरी, न केलेली नोकरी छातीवर लावणारा खोटा माणूस नेमका कुठे अडखळतो.

आधी वाचायची दिशा. सर्वांत मोठा सन्मान छातीच्या मध्याजवळ, मग उतरत्या क्रमाने बाहेर खांद्याकडे. समोर उभ्या माणसाला हे डावीकडून उजवीकडे वाचावं लागतं, आपल्या देवनागरीसारखंच. सुरुवातीला शौर्य आणि विशिष्ट सेवा, मग लढायांची आणि मोहिमांची पदकं, मग कठीण प्रदेशात काढलेल्या काळाची, आणि शेवटाकडे दीर्घ सेवेची: 9, 20 आणि 30 वर्षांची वेगवेगळी. म्हणजे एखाद्या सुभेदार साहेबांच्या छातीकडे पाहून त्यांनी काय केलं, कुठे केलं आणि किती वर्षं केलं, एवढं तोंडातून शब्द न काढता कळतं.

रंगांमागे विचार आहे. महावीरचक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीरचक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. युद्धाबाहेरच्या शौर्याची तीन चक्रं हिरव्या फितीवर येतात आणि तिथे चक्क मोजणी आहे: अशोकचक्राला मध्ये एक केशरी रेघ, कीर्तिचक्राला दोन, शौर्यचक्राला तीन. 1967 पर्यंत या तिन्हींना अशोकचक्र वर्ग पहिला, दुसरा, तिसरा असंच म्हणत. नावं बदलली, पण फितीने आपला क्रमांक सोडला नाही.

आणि ही पदकं ज्यांनी रेखाटली त्या मराठी घरातल्या सूनबाई होत्या! स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल इथे 1913 साली जन्मलेली ईव्ह इव्हॉन माडे दे मारोस ही मुलगी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली, 1932 मध्ये लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झाली, संस्कृत आणि पुराणं शिकली. परमवीरचक्रावर चार बाजूंना इंद्राची वज्रं आहेत ती त्यांच्या मनातल्या दधीची ऋषींमुळे, ज्यांनी वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्या. आजवर हे चक्र 21 जणांना मिळालं, त्यांतल्या 14 जणांना मरणोत्तर. इतक्या लहान यादीत कुणी स्वतःचं नाव घुसवू शकत नाही.

खोटं बोलणारा म्हणूनच इतक्या उंचावर जात नाही. तो मधल्या ओळीत शिरतो. ‘मी कारगिलला होतो’, ‘एकाहत्तरला बॉर्डरवर होतो’. आणि नेमक्या याच जागेवर पदकांची योजना करणाऱ्यांनी जी काळजी घेतली आहे ती कळली तेव्हा मी थक्क झालो. एका युद्धासाठी एक पदक काढून सगळ्यांना वाटून टाकणं किती सोपं होतं. तसं केलेलं नाही. 1965 च्या युद्धासाठी समर सेवा स्टार वेगळा आणि रक्षा पदक वेगळं. 1971 साठी पूर्वेकडच्या रणक्षेत्रात असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सेवेत असलेल्या व्यापक वर्गासाठी संग्राम पदक. 1999 च्या कारगिल युद्धासाठी ऑपरेशन विजय स्टार वेगळा, ऑपरेशन विजय पदक वेगळं. स्टार रणक्षेत्रातल्या माणसाचा, पदक त्याला बळ पुरवणाऱ्या मोठ्या फौजेचं.

पुण्यासारख्या गावाला हा फरक फार जवळचा आहे, कारण इथल्या कितीतरी माजी सैनिकांनी आयुष्य स्टोअरमध्ये, वर्कशॉपमध्ये, सिग्नलच्या खोलीत, इस्पितळात, मेसच्या चुलीपुढे काढलं. त्यांच्याशिवाय एक गोळी पुढे जात नाही आणि एक जखमी मागे येत नाही. देशाने त्यांना पदक दिलं आणि सांगितलं की तुम्ही त्या युद्धात होतात. स्टार मात्र दिला नाही, कारण तिथे तुम्ही नव्हता. मान आणि खरेपणा दोन्ही एकाच फितीत सांभाळले. गोतावळ्यात बसून कुणी म्हणालं, ‘मी त्या वेळी अंबाल्याला होतो, रात्रंदिवस गाड्या दुरुस्त करून पुढे पाठवत होतो’, तर मला ते वाक्य फार मोठं वाटतं. ते बोलायला, आणि तेवढंच बोलून थांबायला, धैर्य लागतं. खोटं फक्त तोतयेच बोलतात असं नाही. खरा सैनिकही कधी नातवंडांच्या कौतुकापोटी अंबाल्याचं कारगिलच्या रणातलं द्रास करतो, आणि त्या क्षणी आपल्याच पदकाचा मान कमी करतो.

काही पदकांवर तर ठिकाणच कोरलेलं असतं. 1947 च्या सामान्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची आडवी पट्टी चढते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं: जम्मू आणि काश्मीर, नागा हिल्स, गोवा 1961, लडाख 1962, नेफा 1962. कोरियात 1950 ते 53 या काळात गेलेल्या भारतीय सैनिकांसाठीही एक पट्टी आहे. चीनच्या युद्धाचा एकच शिक्का पुरला असता, तरी लडाखचा बर्फ आणि नेफाचं रान वेगवेगळं लिहिलं गेलं.

काळाचीही मोहोर आहे. स्वातंत्र्याला 25, 50 आणि 75 वर्षं झाली तेव्हा त्या त्या 15 ऑगस्टला सेवेत असलेल्यांसाठी पदकं निघाली: 1972, 1997, 2022. शौर्याच्या हिशेबात ही पदकं साधी, हजेरीची. पण खोटं पकडायला यांच्यासारखी दुसरी नाहीत. एकाहत्तरची लढाई सांगणाऱ्याच्या छातीवर 1972 चं पदक साहजिक. ‘मी 1985 ला पेन्शनवर आलो’ म्हणणाऱ्याच्या ओळीत 1997 चं दिसलं तर काहीतरी चुकलंय. आणि 1972 व 2022 ही दोन्ही एकाच छातीवर असतील, तर तो माणूस 50 वर्षं गणवेशात होता असं मानावं लागेल, जे होत नाही. बाजारातून सुंदर दिसणाऱ्या फिती गोळा करून ओळ लावणाऱ्याला हे व्याकरण माहीत नसतं. त्याला रंग जुळवता येतात, सालं जुळवता येत नाहीत.

पदक हातात घेतलं तर आणखी एक आश्चर्य. पुढची बाजू पाहा, मागची पाहा, आणि मग काठ पाहा. त्या अरुंद काठावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. ही रीत ब्रिटिश काळापासूनची. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, किंवा नाणी विकणाऱ्यांकडे, पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक कधी हाती लागतं. ते विकत घेता येतं, लावता येत नाही, कारण काठ सांगतो की ते कुणाचं. त्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलची तर धातूच बोलते: लढणाऱ्यांना ते चांदीत मिळालं, आणि हिंदुस्थानातून नेलेल्या मजूर तुकड्यांना काशात. मजुरांनाही तोफा चुकल्या नव्हत्या, त्यामुळे हा भेद मला बोचतो. तरीही आज शंभर वर्षांनी एखाद्या पणतूला ट्रंकेत सापडलेलं पदक पाहून आपले पणजोबा खंदकात होते की खंदक खणत होते, हे कळू शकतं.

क्रमांकाचंही तसंच. कायम कमिशनच्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकापुढे आयसी ही अक्षरं असतात आणि आकडा काळाबरोबर चढत जातो. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा यांचा आयसी 521. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे अरुण खेत्रपाल जून 1971 मध्ये अधिकारी झाले आणि त्याच वर्षी 16 डिसेंबरला, एकविसाव्या वर्षी, बसंतरच्या लढाईत आपल्या रणगाड्यात धारातीर्थी पडले, त्यांचा आयसी 25067. डिसेंबर 1997 मध्ये अधिकारी झालेले कारगिलचे विक्रम बत्रा आयसी 57556. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांवरून जसं वय निघतं तसं या आकड्यांवरून भरतीचा काळ निघतो. शिवाय हल्लीच्या क्रमांकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते आधीच्या आकड्यांवर ठरावीक गणित करून येतं. आकडा मनाने रचला तर अक्षर बहुधा जुळत नाही.

एवढी सगळी तटबंदी पदकांभोवती. कपड्यांभोवती मात्र ती नाही. पलटणीचा बिल्ला लावलेला ब्लेझर, रेजिमेंटचा टाय, माजी सैनिक संघटनेची टोपी, पाठीवर पलटणीचं नाव छापलेला टी-शर्ट. यांच्या काठावर कुणाचं नाव नसतं. खडकी बाजारात, कॅम्पात शिवून किंवा छापून मिळतात. आणि आजच्या शहरात आपण माणसाला ओळखतो ते बहुतेक यांवरूनच.

सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी गावात ‘मी फौजेत होतो’ असं खोटं सांगणारा संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. पारावरचे चार म्हातारे विचारतील: भरती कुठल्या सालची? ट्रेनिंग कुठल्या सेंटरला? उस्ताद कोण होता? सीओ साहेब कोण? ही चौकशी प्रेमाचीच असते, एक फौजी दुसऱ्याला भेटला की पहिल्या पाच मिनिटांत हेच बोलणं होतं, पण तिच्यातून खोटं गाळलं जातं. पुण्यात सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन, भाड्याने घर देणाऱ्या आजी, लग्न जुळवणारे आईवडील यांना हे प्रश्न माहीत नसतात. ते टोपी बघतात आणि विश्वास ठेवतात.

पुण्याला हा धडा फार जुना आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. बातमी आली, पण कितीतरी लोकांच्या मनाने ती घेतली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. अशा वेळी उत्तरेतला एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. त्याला धरून आणलं, भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांसमोर तपासलं, तोतया ठरवून किल्ल्यांवर कैदेत ठेवलं. माधवराव पेशवे गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात बारभाईंचा कारभार सुरू झाला, आणि 1776 मध्ये रत्नागिरीचे रामचंद्र नाईक परांजपे यांनी या कैद्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून मिरवलं. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसं त्याच्यामागे जमली. पुण्याहून महादजी शिंद्यांना फौज घेऊन उतरावं लागलं. पळता पळता तो राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहांत शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं ते यावरच.

या प्रकरणात मला सर्वांत हलवून टाकतं ते तोतयाचं धाडस नव्हे, लोकांचं दुःख. पंधरा वर्षं उलटली तरी घराघरात कुणीतरी पानिपताहून न परतलेल्याची वाट बघत होतं. भाऊ परत येऊ शकतात तर आमचा माणूसही येईल, ही ती आशा. तोतया त्या आशेवर जगला. सैनिकाचं सोंग घेणारा प्रत्येक माणूस असाच दुसऱ्याच्या ठेवीवर जगतो. मेलेल्यांनी, जखमींनी, त्यांच्या विधवांनी जमवलेला जो आदर समाजात आहे, त्यातून तो उचल घेतो. आणि तेव्हाही खऱ्याखोट्याचा निवाडा ज्यांनी केला ते शेजारी उभं राहून लढलेले, वावरलेले लोकच होते.

कायद्याने या गोष्टीकडे फार विचारपूर्वक पाहिलं आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 140 होतं. सैनिक नसलेल्या माणसाने, आपल्याला सैनिक समजावं या हेतूने, सैनिकाच्या पोशाखासारखा पोशाख केला किंवा तशी खूण बाळगली तर तो गुन्हा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 168 झालं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दंड 500 रुपयांपर्यंत होता. पैसे उकळले पाहिजेत अशी अट या कलमात नाही. लोकांनी तसं समजावं एवढा हेतू पुरतो. म्हणून चित्रपटातला नट सुटतो, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेतली चिमुरडी सुटते, आणि तोच गणवेश घालून टोलनाक्यावर सलाम घेणारा अडकतो.

अमेरिकेने याच प्रश्नावर उलट बाजूने डोकेफोड केली. कॅलिफोर्नियात झेवियर अल्वारेझ नावाचा एक निवडून आलेला पाणीमंडळाचा सदस्य 2007 मध्ये भर सभेत म्हणाला की मला मेडल ऑफ ऑनर मिळालंय. ते तिथलं सर्वोच्च शौर्यपदक, आणि हा माणूस सैन्यात एक दिवसही नव्हता. 2005 च्या कायद्याखाली खटला झाला, पण 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. नुसतं खोटं बोलणं, कितीही घृणास्पद असलं तरी, गुन्हा ठरवता येत नाही, असा निवाडा. मग 2013 मध्ये नवा कायदा आला: अशा खोट्याने पैसा किंवा लाभ मिळवायचा असेल तर गुन्हा. आमचं कलम बोलण्याला हात लावत नाही, कपड्याला लावतं. मला आमच्या जुन्या कलमाची दृष्टी अधिक पटते. शब्दाला उलट प्रश्न विचारता येतो. गणवेश समोर आला की माणूस प्रश्न विचारण्याआधीच बाजूला होतो.

त्याचा अर्थ पठाणकोटला कळला. जानेवारी 2016 मध्ये हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी पोशाखात होते. त्यानंतर लष्कराने नागरिकांना लष्करी छापाचे कपडे वापरू नका आणि दुकानदारांना ते विकू नका, असं आवाहन केलं. 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनी नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आला. त्याच्या ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीची लष्कराने रीतसर नोंदणी केली, जी ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. दहा वर्षांचा, पुढे पाच वर्षं वाढवता येणारा हक्क. म्हणजे साडीच्या किंवा बाटलीच्या नक्षीला जे संरक्षण मिळतं, ते आता जवानाच्या शर्टाला आहे.

मग सैनिक नसलेल्याने आपला अभिमान दाखवायचाच नाही का? खुशाल दाखवावा, आणि त्याचीही वाट आधीच आखलेली आहे. सचिन तेंडुलकरला 2010 मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं, महेंद्रसिंग धोनीला 2011 मध्ये प्रादेशिक सेनेने मानद लेफ्टनंट कर्नल केलं. ते गणवेश घालतात तेव्हा कुणी फसत नाही, कारण ‘मानद’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2019 च्या विश्वचषकात धोनीच्या यष्टिरक्षणाच्या ग्लव्हजवर पॅरा स्पेशल फोर्सेसचा बलिदान बिल्ला दिसला तेव्हा वाद झाला तो क्रिकेटच्या नियमांचा. पण त्या निमित्ताने देशाला कळलं की पॅराच्या मरून टोपीवाल्यांतही एक बिल्ला असा आहे जो मोजक्यांनाच लावता येतो.

घरच्यांसाठीची वाट मला सगळ्यांत सुंदर वाटते. दिवंगत सैनिकाच्या कुटुंबीयांना श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात त्याची पदकं लावायला आपल्या लष्कराने परवानगी दिली आहे. उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने कमावलं त्याची, उजवी ज्याने गमावलं त्याची. एवढ्या एका वीतभर अंतराने सगळा गोंधळ संपतो. घोरपडीच्या युद्धस्मारकात, जे नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि 15 ऑगस्ट 1998 ला खुलं झालं, तिथे उजव्या छातीवर पदकं लावलेली एखादी आई दिसली तर तिने काहीही खोटं सांगितलेलं नाही आणि काहीही लपवलेलं नाही.

कपड्यांनाही हाच न्याय लावता येतो. वडील सॅपर होते, त्यांच्या पलटणीच्या रौप्यमहोत्सवाची टोपी घरात आहे, मुलगा ती घालून सिंहगड चढतो. वाटेत कुणी ‘जय हिंद साहेब’ म्हणालं तर ‘वडील होते हो सॅपर्समध्ये, मी नाही’ एवढं सांगितलं की टोपी खरी झाली. गप्प राहिलं, सलाम घेतला, की तीच टोपी खोटी. माजी सैनिकांच्या संस्थांना मदत करणाऱ्या नागरिकांना टी-शर्ट मिळतात, ते अंगावर जरूर घालावेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात किंवा संरक्षण लेखा विभागात उभी हयात घालवलेल्यांनी त्या नोकरीचा अभिमान बाळगावा, तो फार मोठा आहे, आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या बिल्ल्याची गरज नाही. संस्थांनी मात्र सदस्याचा आणि हितचिंतकाचा कपडा वेगळा छापावा. ‘माजी सैनिक’ आणि ‘माजी सैनिकांसोबत’ हे दोन वेगळे टी-शर्ट असले की वाद उरत नाही.

आणि फसवणूक होते आहे हेही पुणेकरांनी ध्यानात ठेवावं. जुनी दुचाकी विकणारा, भाड्याने घर मागणारा ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय’ म्हणत फोनवर ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो पाठवतो आणि मग आगाऊ पैसे किंवा कोड स्कॅन करायला सांगतो. ज्या सैनिकाच्या कार्डाचा तो फोटो असतो त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो. सैनिकाचं ओळखपत्र ही अनोळखी माणसाला फोनवर पाठवायची वस्तू नव्हे, आणि खरा सैनिक ते पाठवत नाही. शंका आली तर विचारायला जागा आहेत. माजी सैनिकाकडे डिस्चार्ज बुक असतं, पेन्शनचा आदेश असतो. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस असतं: सॅपर्सचं खडकीला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, आणि राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यातच, युद्धस्मारकासमोर. शौर्य पुरस्कार मिळालेल्यांची माहिती संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

खोट्यांविषयी इतकं लिहिल्यावर एका खऱ्या माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई या यांत्रिकी शाखेत जवान होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्यात जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकलं, भारताचं ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. ते पुण्यात राहत होते, नोकरी करत होते, आणि बहुतेक पुणेकरांना ठाऊक नव्हते. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, 46 वर्षांनी. खोट्या छातीवर आपली नजर लगेच जाते आणि खरा माणूस शेजारून जातो, हे आपल्याला वाचता येत नसल्याचंच लक्षण आहे.

भारतात 14 जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळतात, कारण 1953 मध्ये त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले. पानिपताचीही तीच तारीख. पुढच्या 14 जानेवारीला आपल्या इमारतीतल्या फौजी काकांकडे जा आणि पदकांची ओळ समोर ठेवून एकेका फितीविषयी विचारा: ही कुठली, ही कधीची, हिच्यामागे काय? आणि तुमच्या स्वतःच्या घरात, ट्रंकेत किंवा देवघराच्या कप्प्यात, आजोबा-पणजोबांचं एखादं पदक पडून असेल तर ते भिंगाखाली धरून काठ वाचा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण वहीत उतरवून घ्या. घासून चकचकीत करू नका, काठावरची अक्षरं झिजतात.